नवा भिडू, जुना अनुभव: कर्णधाराचा पट्टा कधी द्यावा?

प्रश्न: आमच्या फुटबॉल संघातली बहुतेक मुलं विशी-बाविशीतली आहेत. यंदा तिशी ओलांडलेले तीन अनुभवी खेळाडू घेतले. मैदानावर तोंड उघडणारं कोणीच नाही, म्हणून त्यांच्यापैकी एकाला पहिल्या दिवसापासून कर्णधार करावं का?

नेतृत्वाची अपेक्षा जरूर ठेवा, पण पट्टा देण्याची घाई नको. 2017 मध्ये इटलीचा बचावपटू लिओनार्डो बोनुची तिथल्याच युव्हेंटस क्लबातून मिलान क्लबात आला आणि आल्या आल्या कर्णधार झाला. इटालियन लीगमध्ये संघ सहावा आला आणि पुढच्याच उन्हाळ्यात तो युव्हेंटसला परतला. सगळा दोष पट्ट्याचा नव्हता. त्या वर्षी मिलानने ढीगभर नवे खेळाडू घेतले होते आणि हंगामाच्या मध्येच प्रशिक्षकही बदलला. पण जो स्वतःच अजून रुळायचा आहे, त्याच्यावर दुसऱ्यांना रुळवण्याचं ओझं टाकलं की दोन्ही कामं अर्धवट राहतात.

उलट उदाहरण गॅरी मॅकअलिस्टरचं. 2000 मध्ये तो पस्तिसाव्या वर्षी, बदलीशुल्काशिवाय (म्हणजे जुन्या क्लबाला पैसे न देता) इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबात आला. नेमलेला कर्णधार तो नव्हता. मधल्या फळीत विशीतल्या स्टीव्हन जेरार्डसारख्यांच्या शेजारी खेळला आणि त्या हंगामात लिव्हरपूलने लीग कप, एफए कप व युएफा कप असे तिन्ही जिंकले. अनुभवी बचावपटू थियागो सिल्वाही 2020 मध्ये असाच इंग्लंडच्याच चेल्सी क्लबात आला. पट्टा आधीचा कर्णधार आझपिलिक्वेटा याच्याकडेच राहिला, बचावफळी मात्र सिल्वाच्या सांगण्यावर हलायची.

तुमच्याकडे असं करून पाहा. पहिले सहा आठवडे जुनाच कर्णधार ठेवा आणि नव्या तिघांना एकेक ठरावीक काम द्या. एकाकडे कॉर्नर व फ्री किकच्या वेळी कोणी कोणाला धरायचं ते लावून देणं, दुसऱ्याकडे बचावफळी पुढे-मागे सरकवणं, तिसऱ्याकडे त्याच्याच जागेवर खेळणारा एक तरुण. काम नेमकं असलं की बोलायला निमित्त मिळतं, आणि मुलांनाही तो उपदेश वाटत नाही. सहा आठवड्यांनंतर मुलं अडचणीत कोणाकडे बघतात ते पाहा. गोल खाल्ल्यावरचा पहिला अर्धा मिनिट त्यासाठी पुरतो.

तिघांना ड्रेसिंग रूममध्ये शेजारी शेजारी बसवू नका. तिथे वेगळं टोळकं जमलं की नेतृत्व संपलंच. तसंच त्यांच्याकरवी खोलीतल्या बातम्या काढू नका. प्रशिक्षकाचा माणूस असा शिक्का एकदा बसला की मुलं त्यांच्यासमोर गप्प होतात. ‘आमच्या जुन्या क्लबात असं करायचे’ हे वाक्य मात्र त्यांना पहिल्याच दिवशी बंद करायला सांगा!

मेस्सीसारखा खेळाडू अर्थात अपवाद. 2023 मध्ये अमेरिकेतल्या इंटर मायामी क्लबाने त्याला लगेच पट्टा दिला आणि संघाने महिन्याभरात लीग्स कप जिंकला. तरी करंडक उचलताना त्याने आधीचा कर्णधार डिआंड्रे येडलिन याला बोलावून पट्टा त्याच्या दंडाला बांधला. जुन्या कर्णधाराकडून पट्टा घ्यावाच लागला, तर त्याच्याशी आधी एकट्याने बोला. सर्वांसमोर जाहीर करून त्याला धक्का देऊ नका.

प्रश्न: अनुभवी खेळाडू कोणत्या जागेवरचा असला तर जास्त उपयोग होतो?

सेंटर बॅक (बचावफळीच्या मध्यभागी खेळणारा) किंवा बचावफळीपुढचा मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू. पुढचा सगळा खेळ त्यांच्या नजरेसमोर असतो आणि हाक दिली तर पाच-सात जणांना ऐकू जाते. विंगर, म्हणजे कडेने खेळणारा, कितीही शहाणा असला तरी त्याचा आवाज मैदानाच्या एकाच कडेला राहतो. गोलरक्षकाला सर्वांत जास्त दिसतं, पण एक अडचण आहे. 2024 च्या युरो स्पर्धेत रेफ्रीकडे निर्णयाबद्दल बोलायला फक्त कर्णधाराने जायचं असा दंडक होता, आणि तोच गोलरक्षक असेल तर त्यासाठी मैदानातला दुसरा खेळाडू नेमावा लागे. तो दंडक आता इतर स्पर्धांतही आला आहे. तुमच्या स्पर्धेत असेल तर आधीच ठरवून ठेवा.

हाक कशी देतो हेही घेण्यापूर्वी बघा. आधी नाव, मग दिशा, आणि चेंडू पोचण्याआधी. चूक झाल्यावर हात पसरून ओरडणारा अनुभवी खेळाडू तरुणांना सोपा पास खेळायलाही घाबरवतो.

प्रश्न: तो बहुतेक वेळ राखीव बाकावर असेल, तरी चालेल?

आधीची पुण्याई असेल तर चालेल. 2021-22 मध्ये मिलानचा ज्येष्ठ आघाडीवीर झ्लाटान इब्राहिमोविच गुडघ्याच्या दुखण्यामुळे कमीच खेळला, तरी मिलानने 11 वर्षांनी इटालियन लीग जिंकली आणि त्याचा दरारा कायम होता. पण तो जानेवारी 2020 पासून तिथेच होता आणि सुरुवातीच्या काळात त्याने गोल करून दाखवले होते. नव्याकडे ही शिल्लक नसते. निम्म्या सामन्यांत तरी तो सुरुवातीपासून उतरेल असं वाटत नसेल, तर त्याला खेळाडू म्हणून घेण्याऐवजी सरळ सहप्रशिक्षक म्हणून विचारा. खेळाडू म्हणून घेणारच असाल, तर किती खेळायला मिळेल हे करारावर सही होण्याआधी स्पष्ट सांगा. ते ऑक्टोबरात कळलं, तर बाकावरची सर्वांत मोठी कुरकुर त्याचीच असेल आणि मुलं ती कान देऊन ऐकतील.