कॅरमच्या गेमसाठी फिजिक्स इंजिन विकत घ्यावं लागतं का?

प्रश्न : ताई, मी आणि धाकटा भाऊ मोबाइलसाठी कॅरमचा गेम बनवतोय. एक मित्र म्हणतो, सोंगट्यांची टक्कर खरी वाटायला फिजिक्स इंजिन, म्हणजे वस्तूंची हालचाल आणि टकरी मोजणारं तयार कोड लागतं आणि त्याचा परवाना लाखांत जातो. आमच्याकडे सगळे मिळून 40 हजार आहेत. फुकटचं इंजिन घेतलं तर पुढे कोणी दावा ठोकेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ते 40 हजार चित्रांसाठी आणि आवाजासाठी राखून ठेवा. कॅरमच्या फिजिक्सला त्यातला एक रुपयाही लागणार नाही.

मित्र म्हणतो ते अगदीच हवेतलं नाही. डब्लिनमध्ये 1998 साली सुरू झालेलं आणि 2015 पासून मायक्रोसॉफ्टकडे असलेलं हॅवॉक हे इंजिन मोठे स्टुडिओ पैसे मोजून घेतात. पण एनव्हिडिया कंपनीच्या फिजएक्स या इंजिनाचा सोर्स कोडही 2018 च्या डिसेंबरात बीएसडी या फुकट वापराच्या परवान्यावर खुला झाला. आणि तुमचा गेम तर सपाट, वरून दिसणारा. त्याला बॉक्स टूडी हे फुकटचं इंजिन पुरेसं आहे.

एरिन कॅटो यांचं हे इंजिन पूर्वी झेडलिब परवान्यावर होतं, आता एमआयटी परवान्यावर आहे; दोन्ही फुकट वापराचेच. त्यावर गेम करा, विका, कोडमध्ये बदल करा. फक्त कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवायचा. गेममधल्या ‘माहिती’च्या पानावर तो टाका, काम झालं. झेडलिबमध्ये नाव देण्याची सक्ती नव्हती. म्हणूनच 2011 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये कॅटोंना श्रोत्यांतून ‘अँग्री बर्ड्‌स’च्या लोकांना विचारावं लागलं, की तुम्ही कोणतं फिजिक्स इंजिन वापरलंत? बॉक्स टूडी, असं उत्तर आलं, तेव्हा ते आपण लिहिल्याचं सांगून त्यांनी श्रेय मागितलं. मला तो प्रसंग फार लागतो. तुम्ही अट असो-नसो, नाव ठळक द्या.

युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर वेगळं काही उतरवूनही घ्यायचं नाही, तिच्या टूडी फिजिक्सच्या पोटात बॉक्स टूडीच आहे. पैसे लागले तर युनिटीचे लागतील, तेही कमाई बरीच वाढल्यावर. त्यांनी 2023 साली दर इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं होतं आणि वर्षभराने मागे घेतलं, तेव्हा अटी दरवर्षी वाचत जा.

दाव्याची भीती खरी कुठे आहे ते सांगते. मी एका छोट्या स्टुडिओत असताना प्रकाशकाने गेम निघायच्या आदल्या आठवड्यात सगळ्या परवान्यांची यादी मागितली. टकरींचं कोड कोणीतरी नेटवरून उचललेलं, त्यावर परवान्याची एक ओळ नाही. परवाना लिहिलेला नाही म्हणजे फुकट, असं नसतं. हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. चार रात्री जागून आम्ही तो भाग नव्याने लिहिला. तुम्ही पहिल्या दिवसापासून एक फाइल ठेवा : काय घेतलं, कुठून, कोणत्या परवान्यावर.

बाकी किंमत आहे ती तुमच्या वेळेची. बॉक्स टूडी 10 सेंटीमीटर ते 10 मीटर आकाराच्या हलत्या वस्तूंसाठी जुळवलेलं आहे. कॅरमची सोंगटी जेमतेम 3 सेंटीमीटरची. खरी मापं दिलीत तर सोंगट्या एकमेकींत रुतलेल्या दिसतील, कारण अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे हे इंजिन चालवून घेतं. म्हणून सगळं दहापट करा : सोंगटी 30 सेंटीमीटर, 74 सेंटीमीटरचा बोर्ड 7.4 मीटर, वेगही दहापट. गुरुत्वाकर्षण शून्य ठेवा आणि सोंगटी हळूहळू थांबावी म्हणून डॅम्पिंग, म्हणजे वेग कमी करत नेणारं सेटिंग द्या. बोरिक पावडर कमी-जास्त टाकल्याचा फरक तिथेच मिळतो. जोरात मारलेला स्ट्रायकर सोंगटीतून आरपार जायला लागला तर त्याच्यापुरतं ‘बुलेट’ सेटिंग चालू करा.

आणि एका गोष्टीने तुम्ही नक्की हैराण व्हाल. हळू आलेली सोंगटी फळीला लागते आणि तिथेच चिकटते, परत फिरत नाही. तुमच्या कोडात चूक नसते. सेकंदाला 1 मीटरपेक्षा कमी वेगाच्या टकरीला हे इंजिन उसळीच देत नाही. तो आकडा बदलता येतो. तो शून्याजवळ आणा आणि राणी अलगद फळीला लावून पाहा.