कोट बसत नाही, पँट शिंप्याकडे अडकली

प्रश्न : लक्ष्मी रोडवरून ६,२०० रुपयांचं सुटाचं कापड घेऊन कॅम्पातल्या एका टेलरकडे शिवायला टाकलं. शिलाई ७,५०० ठरली, ४,००० आगाऊ दिले. सूट नव्या नोकरीसाठी आणि बहिणीच्या लग्नासाठी हवा होता. ट्रायलला बोलावलंच नाही. कोट खांद्यात उतरतो, कॉलर मानेपासून सुटते. टेलर म्हणतो, ‘मापाप्रमाणेच शिवलाय’, आणि बाकीचे ३,५०० दिल्याशिवाय पँट देत नाही. बिल नाही, मापाची चिठ्ठी आहे. तिच्यावर छापलंय, ‘शिलाईनंतर तक्रार चालणार नाही’. पोलिसांत फसवणुकीची तक्रार करू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : पोलिसांकडे जाऊ नका. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी सुरुवातीपासून लबाडीचा हेतू दिसावा लागतो. इथे काम बिघडलंय. हा ग्राहक कायद्याचा विषय आहे, आणि तिथे तुमची बाजू भक्कम आहे. सूट ऑफिसला घालणार असलात तरी तो तुमचा स्वतःचा वापर आहे, व्यापारी हेतू नव्हे. त्यामुळे तुम्ही ग्राहकच.

आधी पँटेचं. तुम्हाला राग येईल, पण इथे टेलरच्या बाजूने कायदा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे दिलेल्या वस्तूवर ज्यानं मेहनत किंवा कसब खर्च केलं, त्याला मोबदला मिळेपर्यंत ती ठेवून घेता येते. कलमाखालच्या दाखल्यात चक्क कोट शिवायला कापड घेणारा शिंपीच आहे: कोट तयार होताच देईन आणि पैशांसाठी तीन महिने थांबेन असं त्यानं कबूल केलं असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही. तुमचं तसं काही ठरलं होतं का? नसेल, तर बिघडलेल्या कामाची मजुरी देणं लागतो का यावर वाद घालता येईल, पण तोवर पँट तिथेच राहील. म्हणून ‘हरकत राखून देत आहे’ असा व्हॉट्सॲप पाठवून ३,५०० यूपीआयने द्या आणि पँट घेऊन या. हरकत नोंदवलीत की तक्रारीचा हक्क शाबूत राहतो.

आता एक गोष्ट अजिबात करू नका: कोट लगेच दुसरीकडे उसवायला देऊ नका. बहुतेक लोक इथेच पुरावा घालवतात. अंगात घालून समोरून, बाजूनं, पाठीमागून फोटो काढा; खांद्याची शिवण खांद्याच्या हाडापुढे किती उतरते, ते टेप लावून दाखवा. मग दुसऱ्या जाणत्या टेलरकडून चिठ्ठीतलं माप आणि कोटाचं माप ताडून पाहा आणि त्याचं मत सहीनिशी लिहून घ्या. आत किती कापड सोडलंय, दुरुस्ती शक्य आहे का, हेही त्यात यावं. बाहीची लांबी किंवा कंबर सहज सुधारते. खांदा बिघडला तर बाही उसवून पुन्हा बसवावी लागते. त्यामुळे नुसती दुरुस्ती मागायची की कापडासकट पैसे, हे त्या मतावर ठरेल.

चिठ्ठीवरच्या छापील ओळीला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेचे पैसे परत द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिल न देणं हीसुद्धा. चिठ्ठी आणि आगाऊ दिलेल्याची नोंद जपून ठेवा.

मग स्पीड पोस्टाने नोटीस द्या: पंधरा दिवसांत कोट नीट करून द्या, नाहीतर शिलाई आणि कापडाची किंमत परत करा. कापडाची किंमत मागायला विसरू नका. शिलाई परत मिळून कापड वाया गेलं तर तुमचं नुकसान भरून निघत नाही. दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथेही मिटलं नाही, तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा. मुदत दोन वर्षांची आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.

लग्नात दुसरा कोट भाड्याने किंवा विकत घ्यावा लागला, तर त्याची पावती तक्रारीला जोडा. मनस्तापाची भरपाईही मागा, पण रक्कम माफक ठेवा. सात-साडेसात हजारांच्या शिलाईवर लाखाचा दावा लावला की मूळ मागणीचंही वजन कमी होतं.