मुलांना आपला भूतकाळ किती खरा सांगावा?

तुमच्या नऊ वर्षांच्या मुलानं विचारलं, "बाबा, तुम्ही कधी दारू प्यायलाय काय?" तुम्ही 'नाही' म्हणून मोकळे झालात आणि आता ते मनाला खातंय. खरं सांगावं की राहू द्यावं, असा तुमचा प्रश्न आहे.

सांगा. मी माझ्या मुलाला अर्धंच सांगितलं होतं, आणि त्याचं काय झालं ते घरातच बघितलंय.

मी बेळगावचा. १९८६ साली कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं तेव्हा सतरा वर्षांचा होतो. त्या जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. हिंडलग्याला त्यांचं हुतात्मा स्मारक आहे. दर १ जूनला मी मुलाला तिथं न्यायचो आणि माझ्या पाठीवर बसलेल्या लाठीची गोष्ट सांगायचो. ती खरीच होती. पण त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या टेलर अण्णांच्या दुकानाची काच मी दगड मारून फोडली, हे कधी सांगितलं नाही. त्यांच्या दुकानाचा बोर्ड कन्नडमध्ये होता, एवढंच. माझी शाळेची चड्डी त्यांनीच शिवलेली, आणि आमच्याशी ते कायम मराठीतच बोलायचे.

मुलगा नववीत असताना शाळेतून बोलावणं आलं. वर्गातल्या एका कन्नड पोराला त्यानं मारलं होतं. घरी आल्यावर म्हणाला, "तुमी पण लढलाय न्हवं?" माझ्या गोष्टीतून त्यानं तेवढंच उचललं होतं, कारण दुसरं काही मी त्यात ठेवलंच नव्हतं.

आमची मागणी मला आजही न्यायाची वाटते, मराठीतून सरकारी कागद मिळावेत म्हणून आजही मोर्चाला जातो. पण काच सरकारची नव्हती, अण्णांची होती. त्या रात्री त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग एकच विचारलं, "तुमी त्यांची माफी मागितलाय काय?"

नाही, म्हटलं. दुकान बंद होऊन तोवर वर्षं उलटली होती. अण्णा कुठं गेले, गल्लीत कुणालाच सांगता येईना. ते मला अजून टोचतं. पण त्या दिवसानंतर पोरगा स्वतःचं चुकलेलं आपणहून माझ्याकडे येऊन सांगायला लागला.

सगळंच सांगायचं असंही नाही. आमच्या घरात एका नातलगाचं लग्न मोडलं, ते का मोडलं हे मला ठाऊक आहे. ते मी मुलांना सांगणार नाही, ते माझं नव्हे.

तुमचा मुलगा लहान आहे. त्याला आज एवढंच म्हणा, "त्या दिवशी मी नाही म्हटलं ते खोटं होतं. मी प्यायचो, आता सोडलीय." कुणाबरोबर, किती, कुठं, हे त्यानं विचारलं तर, आणि विचारेल तेवढंच. आणि अजून अधूनमधून घेत असाल तर 'सोडली' म्हणू नका. कुणाच्या तरी लग्नात, जेवणाच्या पंगतीत, त्याच्यासमोर ते कुणीतरी बोलून जाईलच.