‘मी’ नाहीसा झालो तर दुकान कोण बघणार?

हल्ली माझ्याकडे एकच काळजी घेऊन सारखी माणसं येतायत. खानापूर, चिकोडी, निपाणी, इथल्या बेळगावातल्या शहापूर-वडगावचीसुद्धा. मोबाईलवर प्रवचनं ऐकून रोज “मी कोण?” विचारत ध्यानाला बसतात आणि एक दिवस घाबरून विचारतात, मॅडम, मी नाहीसाच होणार नाही ना, वेड लागणार नाही ना?

त्यातलेच निपाणीकडचे एक किराणा दुकानदार (ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). पहाटे उठून दोन-दोन तास बसायचे. एकदा काउंटरवर ज्वारी तोलताना स्वतःचाच हात दुसऱ्या कुणाचातरी वाटला आणि तेव्हापासून छातीत धडधड. बायको सोबत आलेली, ती म्हणाली, “जेवून उठले की म्हणतात, हे शरीर जेवलं. लेकाचा पुण्याहून फोन आला तर घेत नाहीत, म्हणे कुणाचा लेक?” सांगता सांगता रडायलाच लागली.

मी आधी झोपेचं विचारलं. जेमतेम तीन-चार तास. मग पहाटेचं बसणं बंद, पोटभर जेवण, आणि बसायचंच तर संध्याकाळी वीस मिनिटं, तेही डोळे उघडे ठेवून, एवढंच पहिले काही आठवडे चाललं. धडधड बरीच कमी झाली. त्यानंतर मी मूळ विषयाला हात घातला.

“दादा, हात परका वाटला तेव्हा गिऱ्हाइकाला सुट्टे बरोबर दिलेत?”

“दिले की.”

“ज्वारी कमी-जास्त झाली?”

“न्हाई, काटा बरोबर होता.”

“मग ‘मी’ नव्हतो म्हणताय तेवढ्यात दुकान कुठं अडलं?”

बराच वेळ गप्प बसले. उजवा हात उलटा-सुलटा करून बघत होते. मग हळूच म्हणाले, “अडलं न्हाईच की.” आणि थोड्या वेळानं आपणहून, “मग भ्यालं कोण?”

मी काहीच बोलले नाही. इथं उत्तर दिलं की सगळं संपतं. रमण महर्षींच्या ‘मी कोण?’ या आत्मविचारातही या प्रश्नाचं तोंडी उत्तर नसतं, विचार किंवा भीती उठली की ती कुणाला होतेय तिकडं लक्ष वळवायचं, बस्. त्यामुळं मी थांबले आणि थांबता आलं याचं मला आजही समाधान आहे, कारण पुढचं वाक्य कुठल्या प्रवचनातलं नव्हतं. “मॅडम, लेकानं दुकान नको म्हटलं ना, ते लई लागलंय मला.” आणि ढसाढसा रडले.

मला वाटतं कितीतरी जण इथंच अडकतात. जो ‘मी’ दुखावलाय तेवढाच ‘खोटा’ म्हणून बाजूला सारतात आणि ‘मी जागा झालोय’ म्हणणारा दुसरा ‘मी’ जपून ठेवतात! चौकशी त्याचीही व्हायला पाहिजे की. आणि “कुणाचा लेक?” हा तर आत्मविचार नव्हेच, तो रुसवा आहे, तो आधी रडून मोकळा व्हायला हवा.

संसार सुटतो ही भीतीपण काढून टाका. आत्मज्ञान शिकवणारे निसर्गदत्त महाराज मुंबईत खेतवाडीत राहायचे, विड्यांचं दुकान, बायको-मुलं सगळं होतं, आणि त्यांची गुरुपरंपरा आपल्या विजापूर जिल्ह्यातल्या इंचगिरीची. रमण महर्षींना 1896 मध्ये मदुराईत, सोळाव्या वर्षी मरणाची प्रचंड भीती वाटली, ते न पळता आडवे पडून तिच्याकडे बघत राहिले, आणि पुढं आश्रमात पहाटे स्वयंपाकघरात भाजी चिरायलासुद्धा बसायचे.

आमच्या दुकानदारांनी लेकाला स्वतः फोन केला. भांडणच झालं म्हणे, पण बाप म्हणून झालं. दुकानाचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

तुम्हालाही परकं-परकं वाटून भीती वाटत असेल तर बसणं थांबवा, झोप पूर्ण करा, माणसांत राहा, हातानं काम करा. काही दिवसांत कमी झालं नाही, किंवा आवाज ऐकू येतात, झोप पार उडते, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं असं असेल तर वाट बघत बसू नका, लगेच मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ध्यान नंतरही करता येतं.