लेखक टोपणनाव का घेतात? स्वतःच्या नावाने लिहायला घाबरतात का? मीही कविता लिहितो, मी घ्यावं का?

काहींच्या बाबतीत भीती खरीच होती. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, त्यावर नाव होतं विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं एका बाईने इतकं उघड लिहावं म्हणून गदारोळ उठला आणि ही विभावरी कोण याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर. विभावरी म्हणजे रात्र. तो आडोसा नसता तर त्या कथा तशा लिहिल्या गेल्या असत्या, असं मला वाटत नाही.

पण मला जास्त जवळची वाटतात ती काहीच न लपवणारी नावं. शाळेत ‘कुसुमाग्रज’ म्हणजे फुलांशी संबंधित काहीतरी, असं मी धरून चाललो होतो. मग बाईंनी फळ्यावर फोड करून दाखवली: कुसुम, अग्रज. अग्रज म्हणजे थोरला भाऊ. वि. वा. शिरवाडकरांना एकच बहीण, कुसुम, सगळ्या भावांची लाडकी. ‘विशाखा’ मी पुन्हा उघडलं तेव्हा मुखपृष्ठावर मला कवीच्या आधी ती बहीण दिसली. त्याआधी राम गणेश गडकऱ्यांनी गोविंद या भावावरून ‘गोविंदाग्रज’ घेतलं होतं, आणि कृष्णाजी केशव दामले तर वडिलांच्या नावाने केशवसुत झाले. एवढे मोठे कवी, आणि ओळख सांगताना कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी मुलगा!

दुसरा उपयोग लेखनाच्या वाटण्या करण्याचा. नाटकांवर गडकरी, कवितेखाली गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम. शिरवाडकरांचंही तसंच, ‘नटसम्राट’वर कुसुमाग्रज नाहीत. चिं. त्र्यं. खानोलकर कवितेपुरते आरती प्रभू.

काही नावं लोकच देतात. त्र्यंबक बापूजी ठोंबरे १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ झाले, तेव्हा ते सोळा-सतरा वर्षांचे होते.

(‘तुका म्हणे’ मात्र यात धरू नका. ती नाममुद्रा, अभंगात गुंफलेलं स्वतःचंच नाव.)

तुम्ही घ्यायचं तर जरूर घ्या. नुसतं कानाला गोड म्हणून नको. आत तुमचं एखादं माणूस असेल तर उत्तम. टोपणनावाने छापलं तरी लेखनाचे हक्क तुमचेच राहतात, पण प्रकाशकाशी करार खऱ्या नावाने करा आणि त्यात टोपणनावाचाही उल्लेख असू द्या.