चाळीस लाख कोटी की चार शंकू?

प्रश्न असा आहे: सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा म्हणजे प्रॉक्सिमा सेंटॉरी. त्याचं अंतर इंग्रजीत ४० ट्रिलियन किलोमीटर, म्हणजे चाळीस लाख कोटी किलोमीटर, असं देतात. अंतराळयानांवर मराठीत लिहिताना याला 'चार शंकू किलोमीटर' म्हणावं का? खर्व, निखर्व, महापद्म असे आपले शब्द असताना 'लाख कोटी' अशी जोडाजोड कशाला?

हिशेब बरोबर आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती'त दिलेल्या यादीत प्रत्येक नाव आधीच्याच्या दहापट आहे: अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. एकावर नऊ शून्यं म्हणजे अब्ज, बारा म्हणजे महापद्म, तेरा म्हणजे शंकू. तेव्हा ट्रिलियन म्हणजे महापद्म आणि ४० ट्रिलियन म्हणजे चार शंकू.

तरीही मी 'चार शंकू' लिहिणार नाही. हे शब्द सगळीकडे एकाच किमतीचे नाहीत. हिंदीत खरब म्हणजे अकरा शून्यं, आपला खर्व दहाचा. हिंदीतलं पद्म पंधरा शून्यांचं, आपलं महापद्म बाराचं. वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडात रावणाचा हेर शुक त्याला वानरसेनेची मोजदाद सांगतो, तिथे शंभर लाखांची कोटी आणि लाख कोटींचा शंकू होतो, म्हणजे बारा शून्यांचा. 'लाख कोटी' ही आजच्या अर्थसंकल्पाच्या बातम्यांनी काढलेली पळवाट नाही, हे यातून दिसतं. इतक्या जुन्या काळीही मोठी संख्या कोटीच्या पटींत उलगडून सांगत.

आता 'चार शंकू किलोमीटर' वाचणारा काय समजेल ते पाहा. लीलावतीप्रमाणे मोजलं तर सव्वाचार प्रकाशवर्षं (प्रकाश वर्षभरात कापतो ते अंतर म्हणजे एक प्रकाशवर्ष), म्हणजे प्रॉक्सिमा आपल्या जागी. रामायणाप्रमाणे मोजलं तर अर्ध्या प्रकाशवर्षाच्याही आत, म्हणजे तारा सूर्यमालेच्या कडेच्या ऊर्ट मेघात धूमकेतूंच्या शेजारी येऊन बसला. आणि कुणी हिंदीतला सतरा शून्यांचा 'शंख' समजून वाचलं, तर तो ४२ हजार प्रकाशवर्षांवर गेला. आकाशगंगेचं केंद्रसुद्धा इतकं दूर नाही, ते साधारण २६ हजारांवर आहे.

इंग्रजीतही हा घोळ होता. ब्रिटनमध्ये बिलियन म्हणजे पूर्वी बारा शून्यं. सरकारी आकडेवारीत तो नऊ शून्यांचा झाला १९७४ मध्ये.  जर्मनीत तर 'बिलियोन' आजही बारा शून्यांचाच आहे.

मराठी कुठपर्यंत मोजते हे मराठीच सांगते. आपण लक्षावधी, कोट्यवधी, अब्जावधी म्हणतो. लक्षाधीश, कोट्यधीश, अब्जाधीश म्हणतो. खर्वावधी कुणी म्हणत नाही, निखर्वाधीश कुणी ऐकलेला नाही. प्रत्यय जिथे थांबतो तिथे वापरातली संख्या थांबते असं मी मानतो. अयुत आणि प्रयुत तर त्याच्याही आधी गळले, त्यांच्या जागी दशसहस्र आणि दशलक्ष आले.

'लाख कोटी'चा मला पटलेला मोठा फायदा म्हणजे हिशेब तोंडी होतो. नासाचं व्हॉयेजर-१ यान सेकंदाला १७ किलोमीटर जातं, म्हणजे वर्षाला सुमारे ५४ कोटी किलोमीटर. जायचं आहे ४० लाख कोटी. कोटीला कोटी गेली, उरलं ४० लाख भागिले ५४: सुमारे ७४ हजार वर्षं. (ते प्रॉक्सिमाच्या दिशेने निघालेलं नाही, हे वेगळं.) २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ब्रेकथ्रू स्टारशॉट प्रकल्पाची कल्पना अशी होती की, काही ग्रॅमचं यान लेसरच्या झोताने ढकलून प्रकाशाच्या पाचव्या हिश्श्याइतक्या वेगाला न्यायचं. तो वेग वर्षाला १.९ लाख कोटी किलोमीटर होतो. ४० भागिले १.९, साधारण एकवीस वर्षं. हेच गणित शंकू, महापद्म आणि अब्ज मिसळून करून पाहा, म्हणजे फरक लगेच कळेल.

जुनी नावं टाकून द्यावीत असं माझं मुळीच म्हणणं नाही. मला ती फार आवडतात, मुलांना ती पाठ असावीत असंही वाटतं. लेखात वापरायची असतील तर पहिल्या उल्लेखाला 'लीलावतीतला शंकू, म्हणजे दहा लाख कोटी' एवढं जोडा आणि पुढे तेच माप शेवटपर्यंत ठेवा.