नावाचा अर्थ खरा कोणता?

प्रश्न: बाळासाठी नाव शोधतोय, पण एकाच नावाचे चार-चार अर्थ सापडतात. कुठला खरा मानायचा?

उत्तर: आधी नाव कुठल्या भाषेतलं ते बघा, अर्थ नंतर. घानामधल्या अकान लोकांत जन्मवारावरून नाव पडतं, शुक्रवारचा मुलगा कोफी, संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांचं नाव तसंच, आणि बालीत तर जन्मक्रमावरून, पहिलं वायान, दुसरं मादे, तिसरं न्योमान, चौथं केतुत, पाचव्याला बहुतेकदा परत वायान, मला तर ही पद्धत फारच आवडते! जपानीत उच्चार एकच पण कांजी अक्षरं बदलली की अर्थही बदलतो, म्हणून नुसत्या उच्चारावरून अर्थ देणाऱ्या याद्यांवर अजिबात विसंबू नका. जॉन, इव्हान, हुआन ही सगळी मात्र एकाच हिब्रू योहानानपासून आलीत, अर्थ ‘देव कृपाळू आहे’.